एकच नग शिल्लक

सोमवार, २ तारीख

आले एकदाची! ताईने दारातच मिठी मारली आणि वाळलीस किती म्हणून ओरडली. दर भेटीला ओरडतेच. मागच्या वेळी मी चांगली गुबगुबीत होते, तेव्हाही ओरडली होती.

खाली तिचं गोदाम, वर माझी खोली. खोली म्हणजे खाट, टेबल, खिडकी आणि रिकाम्या खोक्यांची चळत. खाली मात्र नुसता पसारा आहे. छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर कंगवे, टॉवेल, उशीची कव्हरं, मग, चपला, सगळं ऑनलाइन विकायचं. मधोमध पॅकिंगचं टेबल, चिकटपट्टीची रिळं, वजनकाटा. कोपऱ्यात पांढरा पडदा लावलाय, त्यापुढे वस्तू ठेवून फोटो काढायचे.

मी ज्या दुकानात सात वर्षं काम केलं, ते या ऑनलाइनवाल्यांमुळेच बंद पडलं. आता मीच त्यांच्यात सामील. ताईला हे सांगितल्यावर ती पोट धरून हसली. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ही एकोणीसची. वेण्या घालण्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं हिनेच केलं. आता मला कामाची गरज होती, तर पुन्हा हीच उभी राहिली. अशी बहीण मिळायला नशीब लागतं.

मंगळवार, ३ तारीख

काम समजलं. आपण विकतो तेच आणखी शंभरजण विकतात, पण ताईचा खरा वैरी एकच. दुसऱ्या साइटवरचं एक दुकान, ज्याला ती ‘समोरचा’ म्हणते. आपण कंगव्याची किंमत लावली की तासाभरात त्याची जराशी कमी. तासातासाला त्याचं पान उघडायचं आणि आपली किंमत त्याच्या खाली आणायची, हे माझं काम. शिवाय वस्तूंची वर्णनं लिहायची.

ताई म्हणाली, या मेल्याने माझ्या नाकी नऊ आणलेत. मी म्हटलं, आता मी आलेय, बघतेच त्याच्याकडे. दिवसभरात टॉवेलांवर त्याला चार वेळा हरवला. मजा आली. काम करताना मी शिट्टी वाजवते म्हणून ताईने मला ‘कुकर’ असं नाव ठेवलंय.

शुक्रवार, ६ तारीख

गंमत झाली. समोरच्याने वापरलेला माल विकायला काढलाय. पहिलीच वस्तू: ‘कंगवा, तपकिरी, कडेचा तिसरा दात तुटलेला, दोन लांब केसांसकट.’ माझ्या कंगव्याचाही तिसराच दात तुटलाय! फोटोही अगदी तसाच. ताईला दाखवला. ती म्हणाली की असले कंगवे हजारांनी निघतात आणि दात काय, सगळ्यांचेच तुटतात. खरंय.

शनिवार, ७ तारीख

तो कंगवा विकला गेला. माझा सापडत नाहीये. पिशवी दोनदा उपडी केली. ताईने फळीवरचा नवा काढून दिला आणि वेंधळी म्हणाली.

मंगळवार, १० तारीख

समोरच्याच्या पानावर उशीचं कव्हर होतं, निळं, कोपऱ्यात रफू केलेलं. ते रफू माझं आहे. माझे वेडेवाकडे टाके मी कुठेही ओळखीन. धावत वर गेले, तर उशी उघडीच होती.

दुपारी त्याच पानावर गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला, पाच चांदण्या. ‘वर्णनाप्रमाणेच. हातात आलं तेव्हा अजून गरम होतं.’

ताईला सांगितलं की कोणीतरी माझ्या खोलीत येतं. तिने माझ्यादेखत सगळी कुलुपं तपासली, मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. ती असताना घाबरायचं काय?

गुरुवार, १२ तारीख

आज त्याने विकायला काढलंय ते लिहायलाही वेड्यासारखं वाटतं. ‘शिट्टी. एकाच स्त्रीने वापरलेली. कामात असताना आपोआप वाजते.’

माझं डोकंच फिरलं. ताई शांत होती. म्हणाली, असलं काही विकत घेणारं गिऱ्हाईक कोण आहे ते त्याच्या पानावर कळणार नाही, आपल्याकडे मागणी आली तर नाव-पत्ता मिळेल. तीच वस्तू आपणही लावू, त्याच्यापेक्षा स्वस्त.

मला पटलं. किंमत पाडणं हेच तर माझं काम. वर्णन मीच लिहिलं, आणि लिहिताना हात आखडता घेतला नाही. शिट्टी कशी सुरू होते, मध्ये श्वास कुठे घेते, सगळं. त्याने किंमत उतरवली, मी आणखी उतरवली. सहा वेळा. शेवटी मागणी आपल्याकडे आली आणि मी टाळ्या पिटल्या.

नाव-पत्ता ताईच्या लॉगिनमध्ये दिसतो, माझ्या नाही. ती म्हणाली, नंतर बघू. मग तिने एक रिकामं खोकं चिकटपट्टीने बंद केलं. नुसतं नाटक, म्हणाली. पण खोकं काट्यावर ठेवल्यावर आकडा हलला. रिकाम्या खोक्याचं वजन मला तोंडपाठ आहे. हे त्याहून जास्त होतं. पार्सलवाला आला, सही घेतली, घेऊन गेला.

शुक्रवार, १३ तारीख

शिट्टी वाजत नाही. ओठ तसेच आहेत, श्वास तसाच आहे. नुसती हवा येते.

वर्णन मी लिहिलं होतं. किंमतही मीच पाडली.

ताई म्हणाली की घसा बसला असेल. डोळ्यांत बघून म्हणाली नाही.

सोमवार, १६ तारीख

समोरच्याच्या पानावर सकाळी हे होतं, जसंच्या तसं उतरवतेय:

‘आईची हाक. जेवायला बोलावतानाची. सुरुवातीला रागाची, शेवटी लाडाची. धाकटीला आठवते तशी. एकच नग.’

हे कोणाला माहीत आहे? बाबा आधीच गेले होते. शेजारी कोणी उरलं नाही. ती हाक जगात दोघींनीच ऐकलीय. मी, आणि—

पार्सलवाला आला म्हणून ताई बाहेर गेली होती. तिच्या टेबलापाशी गेले. संगणक उघडाच होता. एका बाजूला आपलं दुकान, दुसऱ्या बाजूला समोरच्याचं. दोन्हीकडे विक्रेता म्हणून एकच नाव. तिचं.

समोरचा असा कोणी नव्हताच. मी तिच्याच एका हाताशी दुसऱ्या हाताने भांडत होते.

ती आली. लपवलं नाही. बसून समजावून सांगितलं, मला लहानपणी गणितं समजवायची तसंच. शेजारी महाग दिसल्याशिवाय गिऱ्हाइकाला स्वस्त पटत नाही, म्हणून दोन दुकानं. दोघं भांडताना दिसले की ते घाईने घेतं. आणि कंगवे-टॉवेल सगळेच विकतात, त्यात ती बुडत आली होती. दुसऱ्या कोणाकडे नाही असा माल हवा होता. असा माल तिच्याकडे एकच होता.

मी विचारलं, म्हणून बोलावलंस? ती म्हणाली, हो. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. केसाने गळा कापला गं माझा. ज्या हातांनी वेण्या घातल्या त्याच हातांनी.

संध्याकाळी आईची हाक आठवून पाहिली. आईचं तोंड हलतं. ऐकू काही येत नाही.

मंगळवार, १७ तारीख

चालले. पिशवी भरली. खाली उतरले. दार सताड उघडं, ताई टेबलाशी पॅकिंग करत होती, वरही बघितलं नाही. उंबऱ्याशी उभी राहिले. समोर रस्ता. पाऊल उचलेना. दुखत नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. फक्त जावंसंच वाटेना.

परत वर आले. मोबाइलवर पान उघडलं.

‘निघून जाण्याची इच्छा. न वापरलेली.’ विकली गेली. पहाटेच.

मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा गेले दारापर्यंत. पुन्हा परत. दार अजून उघडंच— बंद करायची तिला गरजच नाही—

बुधवार, १८ तारीख

पांढऱ्या पडद्यापुढे बसवलं. हनुवटी वर, म्हणाली. केस पुढे घेतले, नीट विंचरले. मी रडत होते. टिपून घेतलं तिने, पदराने. मग फोटो काढला.

मला अजूनही ते बरं वाटलं. विंचरणं. याचाच जास्त राग येतो.

गुरुवार, १९

दोन्ही दुकानांवर मी. ‘पूर्ण संच.’ इकडे किंमत उतरते, तिकडे उतरते— खाली तीच दोन्हीकडून उतरवतेय, बटणाचा आवाज येतो— किती स्वस्त करणार मला, ताई—

शेहेचाळीसजण बघतायत.

गुरुवार, दुपार

मागणी नोंदली गेली. कोणत्या दुकानातून, काय फरक पडतो—

गिऱ्हाइकाने प्रश्न विचारलाय, पानावर सगळ्यांना दिसतो.

‘त्रास देते का? घेऊन जाताना धरावं लागेल का?’

खाली विक्रेत्याचं उत्तर.

‘नाही हो. मी स्वतः वाढवलंय तिला. हाक मारली की येते.’

पार्सलवाल्याची गाडी लागली. मोठं खोकं सरकवल्याचा आवाज—

ताईने हाक मारली.

आईची हाक. तीच ती— आधी रागाची, शेवटी लाडाची— ऐकू आली, मला ऐकू आली— विकलीच नव्हती, तिने स्वतःकडे ठेव—

नाही जाणार. खाट धरून बसलेय. लिहीत राहिले तर उठणार नाही. लिहीत राहायचं. मी उठणार नाही, मी उठणार नाही, मी

आले गं, ता