वैष्णवीचं वाक्य

४ ऑगस्ट, सोम.
आमच्या बोर्ड रंगवायच्या दुकानावरच इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. खिडकी उघडी असली की खाली सगळं ऐकू येतं. सर एकेक शब्द देतात, प्रत्येकाने ओळखीच्या माणसावर वाक्य करायचं. आजचा शब्द अनप्रेडिक्टेबल. वैष्णवीची पाळी आली. आवाज लगेच ओळखला. आमची सुपारी फुटून दीड महिना झाला, लग्न दिवाळीनंतर. म्हणाली, "सर इज अनप्रेडिक्टेबल." सगळे हसले. सरही. सर जास्त वेळ हसले.
रंगवत होतो त्या बोर्डावरचा 'किराणा' बिघडला. पुसून पुन्हा काढला.

५ ऑगस्ट
डिक्शनरीत पाहिलं. 'ज्याचा आधी अंदाज बांधता येत नाही असा.' उदाहरणं: हवामान, स्वभाव. चांगलं की वाईट, ते दिलेलं नाही. नववी पास असून स्पेलिंग न बघता लिहिलं, बरोबर आलं. उपयोग?
मालक रफीकचाचांना विचारलं. ब्रश धुता धुता म्हणाले, "बैलाले म्हटलं त खोट हाय. माणसाले म्हटलं त बायकाईले आवडते बे ते!"
मी रोज सातला फोन करतो. पहिलं वाक्य, जेवली का. तिला पाठ असणार. सरांचं तसं काही पाठ होत नसेल.

७ ऑगस्ट
फोनचा तक्ता केला. गुरु. फोन नाही. शुक्र. नाही. शनि. दुपारी दोनला, एकच मिनिट. रवि., सोम. नाही. तिचा आला तरी उचलायचा नाही.

९ ऑगस्ट
दोनला केला. "काऊन हो, तब्येत बरी नाही का?" कामात आहे म्हणून ठेवला. संध्याकाळी वर क्लासात मुली हसत होत्या, बहुतेक सरांच्या...

१२ ऑगस्ट
धामणगावहून वै.चे मामा दुकानात आले. चहा घेतला नाही. "सुपारी फुटल्यावर पोरगा फोन घेत नाही, म्हणजे दुसरीकडं पोरगी पाहून राह्यला. असं असंन त आताच सांगून टाका."
चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, उद्या आईला घेऊन येतो.

१३ ऑगस्ट
आईला घेऊन धामणगाव बढे, वै.च्या घरी. सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तक्त्याचं पान फाडून मामांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "हे काय एस्टीचं टाइमटेबल हाय का बे?" तिची आई पदराआड हसली. वै. हसली नाही.
"सर कधी येतात, कधी नाही. फी भरून आम्ही बसून राह्यतो. म्हणून तोंडावर म्हटलं त्याईले. अन् तुम्ही तसंच व्हाले निंघाले?"
पान तिने घेतलं. आत गेली. मामा म्हणाले, पोरीले विचारून रविवारी सांगतो.
निघताना ती दारात होती. राहवलं नाही. विचारलं, आता येतात का सर वेळेवर?
"हाव. त्या दिवसापासून रोज येतात. दहा मिनिटं आधीच."