या वेळी मुंबईत आमची खोली

चि. गौरव,

२०१२ साली बाबांनी पैसे भरून हॉलिडे क्लबचे, हॉटेलात राहायचे पॉइंट घेतले, तेव्हा तू म्हणालास, "बाबांना गंडवलं." त्यांना ते फार लागलं होतं. या महिन्यात संपणारे तेच पॉइंट मी स्वतः फोन करून वापरले. तुझ्या लेकीला, शमिकाला घेऊन निघाले आहे. सूनबाईला, अक्षयाला ठाऊक आहे. खोपोलीकडच्या थीम पार्कात दोन दिवस, मग मुंबईत दोन रात्री, समुद्रासमोरच्या खोलीत!

जन्मभर मुंबईत उतरले ती दिनूभावोजींकडे, मोरीजवळ अंथरूण टाकून. "वहिनी, पाय आखडा, मुंबई आहे ही!" म्हणायचे. आता त्यांनाच नाश्त्याला बोलावलंय.

बाबा गेले, भावोजी काठीवर आले, मी सत्तरीत आकाशपाळण्यात बसणार. तू तेवढा घरी राहिलास. आमटी फ्रीजमध्ये आहे, भात लावून घे.

आई