निळ्या पाण्यावरचा ठसा

मंगळवार, संध्याकाळ. डिचोली.

फोटोवरचा तेलकट ठसा पुसायला दोनदा फडके हातात घेतले, दोनदा ठेवले. उद्या सकाळच्या बसने फोटो पणजीला प्रदर्शनासाठी पोचवायचाय.

वर्षभर एकाच कड्यावर उभा राहिलो. खाली बंद पडलेल्या खाणीचा खड्डा, त्यात साचलेले पाणी. पावसात लाल, थंडीत धुक्याखाली, आता उन्हात निळेशार. निळाच निवडला, मोठा छापून आणला आणि कशाला कोण जाणे, आधी शेजारच्या शेवंतीकाकीला दाखवायला नेला.

काकी नारळ खवत होती. पदराला हात पुसून तिने पाण्याच्या मधोमध बोट टेकवले.

"हांगा आमची बांय आशिल्ली."

त्यांची विहीर. भोवती कुळागर, सुपारीची बाग. सगळे खाणीत गेले. मला हे ठाऊक नव्हते का? होते. कॅमेरा घेण्याआधी त्याच खाणीतून मी ट्रक भरभरून माती नेलीय. तरी वर्षभर मला दिसले काय, तर रंग. आणि कधीतरी एखादा खंड्या.

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने चहा दिला. मी निघालो तेव्हा फोटो पुन्हा मागून घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि अगदी साधेपणाने म्हणाली,

"तुजो ट्रक खंय उबो रावतालो, तें दिसना ह्या फोटोंत."