डोळखांबी भात

१२ मार्च १९९९
भात करपला. दुसऱ्यांदा! ही खाटेवरून ओरडली – "अवो, वास येतोय!" – तोवर टोप काळा. अंबरनाथच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बॉयलर सांभाळला, पण ही चूल माझं काही ऐकत नाही. बॉयलरला निदान काटा होता.

शेजारची भिमी वहिनी टोप बघून गेली. बोलली काही नाही, हसली मात्र. म्हणजे आता अख्ख्या गावाला कळलं असणार.

१५ मार्च
शहापूरला डॉक्टरांकडे. छातीचा फोटो, कार्डिओग्राम सगळं झालं. हृदयाचा आकार वाढलाय म्हणाले. पायाची सूज, धाप, सगळं त्यापायी. गोळ्या दोन वेळा. मीठ बंद. शेत बंद. ओझं बंद.

ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसली तेव्हा मला थांबवून म्हणाले – फार लांबचा विचार करू नका. एखादं वर्ष.

हिला सांगितलं नाही. रिक्षात ही एकदम खुशीत. हातातला कागद हलवत म्हणाली, "बघा, डॉक्टरनं लिवून दिलंय. माझं काळीज मोठं हाय. तुमाला तीस वर्षं पटत नव्हतं!"
पटत होतं. बोललो नाही कधी.

१८ मार्च
अळणी आमटी. मीही अळणीच खायचं ठरवलं. चार घास गेले.

२१ मार्च
पकडला गेलो. भिमी वहिनीच्या पडवीत बसून सुकट-भाकरी खात होतो. घरी आलो तर ही म्हणते – "जरा इकडं या, तोंडाचा वास द्या." नुसता वास घेऊन समाधान मानते म्हणाली. मग दोघंही हसलो. हसताना तिला धाप लागली. थांबलो.

६ एप्रिल
राब भाजला. पालापाचोळा, गवत, शेण सगळं रोपाच्या जागेवर पसरून पेटवायचं. इतकी वर्षं हे सगळं हीच करत आली. मी सकाळची गाडी पकडायचो आणि दिवेलागणीला यायचो. शेत आमचं, पण शेती तिची. आज खाट अंगणात ओढून घेतली आणि तिथून हुकूम – "वाऱ्याच्या बाजूनं पेटवू नका! उलट्या बाजूनं! अवो उलट्या!"
भुवया जळल्या. उजवी जास्त.

२३ एप्रिल
ही चार दिवस दवाखान्यात होती, आज घरी आणली. सूज उतरलीय. घरातले तांदूळ संपले होते म्हणून परवाच माळ्यावरच्या तीन कणग्यांपैकी कोपऱ्यातली धाकटी कणगी फोडली, भात पोत्यात भरून किन्हवलीला गिरणीत भरडून आणलं. एकट्यानं! आज तोच भात केला. करपला नाही. मोकळा झाला. म्हटलं, आता शाबासकी मिळणार.

हिनं एक घास घेतला आणि थांबली.
"कंची कणगी फोडलीत?"
"कोपऱ्यातली. बारकी."
घास गिळला. ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते बियाणं व्हतं."

डोळखांबी. हिच्या माहेरचं भात. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईनं दिलेलं मूठभर. तेव्हापासून दर साली वेगळं पेरायची, वेगळं कापायची, वेगळं ठेवायची. मला नाव माहीत होतं. कणगी कुठली ते कधी विचारलं नव्हतं.

माळ्यावर चढलो. कणगीच्या तळाशी हात घालून बघितलं. उंदरांनी टरफलं तेवढी ठेवली होती.

खाली आलो. वाटलं, आता बोलेल. तर ही हसायला लागली – "मी अजून जित्ती हाय, नि तुमी माझं माहेर शिजवून खाल्लंत!" मग ताट पुढे केलं. "आता शिजलंच हाय तर वाढा आणखी."

दुपारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली नव्हती.

२४ एप्रिल
ठरवलं. डोळखांबी परत आपल्या शेतात उभं राहिलं पाहिजे. तिच्या डोळ्यांदेखत. डॉक्टरांचं ते वर्ष संपायच्या आत.

४ मे
एकटाच डोळखांबला जाऊन आलो. हिचा धाकटा भाऊ कोंडू. कोंबडी कापली, जेवायला घातलं, सगळं ठीक. बियाण्याचं नाव काढलं तसं डोकं खाजवायला लागला. शेवटी म्हणाला, "भावोजी, बियाणं जावयाच्या हातात देत नाय. लेकीनं येऊन पदरात न्यायचं. आमच्यात रीत हाय. पंधरा दिवसांनी बायला घेऊन या."
म्हटलं, अरे तिला डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय.
"रीत म्हंजे रीत, भावोजी." माझ्याकडे बघेना.

५ मे
हिला सांगितलं. माझ्याकडे नीट बघितलं, मग म्हणाली, "व्हय. हाय तशी रीत."
भिमी वहिनी बाजूलाच शेंगा सोलत होती. "गो सकू, असली रीत मी नाय ऐकली कुठं!"
"आमच्या डोळखांबच्या रीती येगळ्या," हिनं तिला एका दमात गप्प केलं.
लगेच लुगडं कुठलं नेसायचं ते ठरायला लागलं.

२० मे
डॉक्टर आधी नाही म्हणाले. हिनं त्यांना तेच माहेर, तीच रीत, सगळं सांगितलं. मग म्हणाले, जा, पण सावकाश, आणि गोळ्या घेऊन.

२२ मे
जीप केली. पुढची अख्खी सीट हिला. मागे आम्ही अकरा जण आणि दोन कोंबड्या. ड्रायव्हर खड्डा आला की हळू करायचा, तर हीच त्याला म्हणाली – "चालव रे, मी काय अंडं हाय?"

पाड्यावर पोचल्यावर बघण्यासारखी होती. घराघरांतून हाका. "बाय आली, बाय आली!" कुणी पाणी आणलं, कुणी करवंदं. लहानपणीच्या मैत्रिणी आल्या, सगळ्यांचे दात गेलेले. हिचे सगळे शाबूत! ते दाखवण्यासाठी फार हसली.

दोन दिवस राहिलो. धाप कमी वाटली. कदाचित मलाच वाटली.

२४ मे
निघताना कोंडूनं सुपात बियाणं आणलं. हिनं पदर पसरला. बांधायच्या आधी मूठभर भात हातावर घेतलं, फुंकर मारली, बघितलं. मग कोंडूकडे बघितलं आणि हसली.
"बांध," म्हणाली.
घरी येईपर्यंत पदराची गाठ हातात धरून बसली होती. मिळालं एकदाचं!

८ जून
पेरलं. मी पेरलं, हिनं आवाज केला.

१४ जुलै
आवणी, म्हणजे भाताची लावणी. भिमी वहिनी आणि पाच बायका आल्या. मीही रांगेत उभा राहिलो. डोळखांबीचा तुकडा माझ्या हातानं लावायचा, हट्टच धरला होता. पाठीचा खिळा झाला. बायकांच्या सहा रांगा सरळ, माझी सातवी...
"भावोजी, ह्यी आवण हाय का माळशेजचा घाट?" – भिमी वहिनी.
बांधावर खुर्चीत, इरलं डोक्यावर घेऊन ही बसलेली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गो. भात वाकडं लावलं तरी वर सरळच येतं."
पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. बायकांनी ते सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत चिडवत होत्या.

१५ ऑगस्ट
पाऊस. भजी मागितली. दिली नाहीत. भांडण.

१६ ऑगस्ट
अळणी भजी केली. दोघांनी तोंड वाकडं करून खाल्ली. भांडण मिटलं.

९ सप्टेंबर
सूज परत चढली. या वेळी मांडीपर्यंत. गोळी वाढवली. गणपतीला भाविका उंबरमाळीहून येणार म्हणतेय. आईला बघून रडू नकोस असं तिला फोनवर सांगितलं. ती फोनवरच रडली. लेक म्हणजे... असो.

३ ऑक्टोबर
डोळखांबी निसवलं! सगळ्या तुकड्यावर लोंब्या. हिला सांगितलं तर म्हणाली, मला बघायचंय. चालवेना. मग मी आणि भिमी वहिनीनं खुर्चीसकट उचलून नेली. वाटेत वहिनी म्हणते – "तुझी पालखी काढली गो!" ही म्हणते – "मग गुलाल कुठं हाय?"
बराच वेळ लोंबी हातात घेऊन बसली.

६ नोव्हेंबर
उद्या दिवाळी. गेल्या चार दिवसांत डोळखांबी कापलं, झोडलं, वाळवलं. आज थोडं उखळात सडून नवा भात केला. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. हिची जीभ मला माहीत आहे – एका घासात सगळं ओळखते.

हल्ली दोन घासांवर जात नाही. पहिला घास घेतला. डोळे मिटले. मी विचारलं, "काय गो?"
"ह्येच," म्हणाली. "आईच्या हातचं."
चार घास खाल्ले. चार!

मी मागच्या दारी जाऊन हात धुतले. दोनदा धुतले. झालं एकदाचं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

१२ नोव्हेंबर
बियाणं वेगळं काढलं. कोपऱ्यातल्या कणगीत. हिनं खाटेवरून विचारलं, "कंच्या?" म्हटलं, "कोपऱ्यातल्या!" म्हणाली, "पास!"

२० नोव्हेंबर
बसून झोपते. आडवं झालं की धाप. पाठीशी उशा लावल्या, मग उशांऐवजी मीच बसलो.

२८ नोव्हेंबर
सकाळी सात वाजता गेली. चहा ठेवू का विचारलं होतं. हो म्हणाली होती.

२ डिसेंबर
माणसं येतात. जातात. भात करपत नाही आता.

११ डिसेंबर
काल तेरावं झालं. कोंडू कणगी लिंपायला मागे राहिला. शेणाचे हात, मान खाली. म्हणाला, "भावोजी, सांगायलाच पायजे. आमच्याकडचं डोळखांबी आई गेली त्याच साली संपलं. तुमाला नाय म्हणवेना. पदराची रीत मीच काढली – तवर मुरबाडच्या दुकानातून दुसरं बियाणं आणलं. बायनं मुठीत घेतल्याबरोबर वळखलं. जीपमधी बसताना माझ्या कानात म्हणली, ह्यांना कळू द्यायचं नाय."

बराच वेळ दोघंही लिंपत होतो.

मग त्यानं विचारलं, "पिशवीवर नाव व्हतं. सांगू?"
नको म्हटलं. त्याचं नाव डोळखांबी.