माझी प्रकृती नेमकी कुठली?

६ ऑक्टोबर, रविवार

आज पुन्हा 'बेत्सुनी'! सकाळपासून तिसऱ्यांदा. पोहे आवडले का? — बेत्सुनी. डोकं दुखतंय का? — बेत्सुनी. म्हणजे 'काही विशेष नाही'. तेरा वर्षांच्या वृंदाकडे माझ्याशी बोलायला एवढा एकच शब्द उरलाय, आणि तोही जपानी.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत जायला कुरकुर करत होती, म्हणून मी तिचं दप्तर उचलून दाराबाहेर फेकलं. शेजारच्या साइतो-सान बघत होत्या. तेव्हापासून पोरीने तोंड मिटलंय. पाच आठवडे झाले.

अंबरीष म्हणतो, "अगं, जरा आवर स्वतःला." सुरेखाआत्या तर मी सात वर्षांची असल्यापासून सांगत आलीय — पित्तप्रकृती! ही कायम डोक्यात राख घालून घेणार! मोरावळा, कोकम, सब्जा असलं थंड खाऊनच मी मोठी झाले. राग काही हलला नाही.

माझ्या रागानेच पोर मुकी झाली का? एवढंच कळायला हवंय. पण विचारू कुणाला?

१२ ऑक्टोबर, शनिवार

हान-सान भेटल्या. ग्योतोकुच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे इथल्या समाजमंदिरात, किमची शिकवतात त्याच. कोरियात असताना तिथलं वैद्यक शिकल्यात. "इथे मी डॉक्टर नाही हं. फक्त चहा आणि सल्ला," हे आधीच सांगून टाकलं.

त्यांच्याकडे माणसांचे चार प्रकार. ते-यांग, सो-यांग, ते-ऊम, सो-ऊम. आपले तीन दोष, त्यांचे चार! आणि नुसतं पोट आणि झोप नाही — राग, भीती, लाजाळूपणा, सगळं शरीराबरोबरच येतं म्हणे. मी कान टवकारले. राग जन्माचाच असेल तर माझा दोष जरा कमी. पण मग तो जायचाच नाही की काय? काही समजेना.

माझा प्रकार ठरवायला त्यांनी एक फॉर्म दिला. पहिलं पान नाव-वयाचं, ते मी भरलं. पुढची दोन पानं नुसती कांजी, जपानी चित्रलिपी! आठ वर्षं इथे राहून मला अजून कचऱ्याचं वेळापत्रक धड वाचता येत नाही. म्हणून तर वृंदाला बरोबर नेलं होतं. तेवढ्यात हान-साननी नाडी बघायला आत बोलावलं. घाईघाईत ती दोन पानं वृंदाच्या हातात दिली, म्हटलं, "तू आपला फॉर्म भरून टाक."

बाहेर येऊन बघते तर पोर मान खाली घालून लिहितेय. चांगली वीस मिनिटं! मग उठून दोन्ही हातांनी हान-सानना कागद दिले आणि वाकून नमस्कार केला. मला इतकं बरं वाटलं. आईसाठी एवढं करतेय म्हणजे अजून अगदीच तुटलेली नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

निकाल! मी सो-ऊम!!

आज एकटीच गेले होते. हान-सान अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या जपानीत सांगत होत्या — अंग गार, पोट नाजूक, माणसांत दमणारी. राग गिळते. भीती वाटली तरी कुणाला सांगत नाही.

मी हसलेच. म्हटलं, मी? राग गिळते?

त्याही गोंधळलेल्या. म्हणाल्या, "तुमची चाल, तुमचं बोलणं बघून मी सो-यांग म्हटलं असतं. गरम, धडाडीची. पण कागद फार स्पष्ट आहे. इतकी खरी उत्तरं कुणी लिहीत नाही, उत्तरा-सान." आणि चक्क माझा हात हातात घेऊन बसल्या. का ते कळलं नाही.

आलं, दालचिनी, सुके खजूर घालून चहा. दोन वेळा. थंड काही नाही.

जेवताना घरात जाहीर केलं. अंबरीषला हसून ठसका लागला. "मग एवढी वर्षं आमच्या घरात ओरडत कोण होतं?" मीही हसले. वृंदा अर्धं ताट टाकून उठली. पोट दुखतंय का विचारलं.

बेत्सुनी.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चहा जहाल आहे. पण पिणार.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर एकच विचार. मी मुळात शांत, घाबरट बाई असेन, तर हा राग माझा नाहीच. वरवरचा आहे. मग वृंदाचं गप्प होणंही माझ्यामुळे नाही! केवढं हलकं वाटलं! स्टेशनवरून सायकलने येताना गाणं गुणगुणत होते.

घरी आल्यावर दारातच थांबले. दप्तर मग फेकलं कुणी? ते तर याच हातांनी फेकलं होतं.

हाताला हात लावून बघितला. गार बिलकूल नाही. चांगला गरम.

२७ ऑक्टोबर, रविवार

जिभेवर दोन फोड. छातीत जळजळ. आत्याला फोन केला. ती किंचाळलीच — "आलं-दालचिनी? तुला? कुणी सांगितलं तुला हे?" म्हटलं, कोरियन बाईंनी. म्हणाली, "तिला म्हणावं, आधी हिच्याबरोबर एक दिवस राहून बघ!"

आत्या खरी की कागद? मी चाळीस वर्षांची झाले आणि मला माझा स्वभाव माहीत नाही. वृंदाला विचारणार होते — तू बघतेस ना मला रोज, तूच सांग, मी कशी आहे? दार बंद होतं. परत आले.

२ नोव्हेंबर, शनिवार

हान-सानना फोड दाखवले. त्यांनी मान हलवली. चहा बंद. "कागद घरी न्या, कुणाकडून तरी नीट वाचून घ्या," म्हणाल्या.

अंबरीषला बरी कांजी येते. जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचायला लागला. हातपाय गार पडतात — हो. सकाळी बाहेर पडायच्या आधी पोटात गोळा येतो — हो. मी म्हटलं, कधी? मला तर चहा प्यायल्याशिवाय...

घोळक्यात असताना एकटं वाटतं — हो. त्याला दोनदा गोल. मनातलं सांगायला कुणी आहे — नाही. त्रास कधीपासून — एप्रिलपासून.

शेवटी पानामागच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने फिकट, बारीक अक्षरात एक ओळ होती, हान-सानच्याही नजरेतून सुटलेली. ती वाचताना अंबरीषचा आवाज बदलला. 'मधल्या सुट्टीत मी जिन्यात बसते, कारण वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही.'

त्याने कागद खाली ठेवला. "उत्तरा, हे तू नाहीस."

तू आपला फॉर्म भरून टाक! मी तो 'आपला' बोलायचा म्हणून बोलले होते, जसं आपण म्हणतो, तू आपली बस, तू आपला जेवून घे. तिला कुठून माहीत असणार? तिने 'आपला' म्हणजे 'स्वतःचा' असाच अर्थ घेतला. बरोबरच घेतला.

एप्रिलपासून. म्हणजे इथलं शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हापासून, दप्तर फेकायच्या कितीतरी आधीपासून. माझ्या रागाने ती गप्प झाली नव्हती. हे कळून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? गेले तीन आठवडे मी आरशासमोर उभी राहून स्वतःची जीभ बघत होते.

३ नोव्हेंबर, रविवार

वृंदाशी बोलले. ती चक्क मराठीत म्हणाली, "मला वाटलं, तू मला हान-सानना दाखवायला नेलंस. म्हणून मी सगळं खरं लिहिलं. आणि मग चहा तूच प्यायला लागलीस."