टिटवीची ओळ

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं रडगाणं पद्यात लिहिल्याने गुडघा बरा होत नाही. डॉक्टरांना दाखवा.

आमची पोर मजेत आहे. शाळा सुटली की चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी बसते आणि तक्त्यावरची बारीक अक्षरं गिऱ्हाइकांना आधीच वाचून दाखवते. नजर तपासायची तरी कशी? झोपते मात्र अजून तशीच, दोन्ही पाय भिंतीला वर टेकवून. आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून निजणारी टिटवी, हे तुम्ही ठेवलेलं नाव आता शाळेतही गेलंय.

तुम्ही विचारलंत, आता ती आपलीच ना? नाही, बाबा. तिचे आईवडील गेल्यावर कोर्टाने तिला आमच्याकडे नुसतं सांभाळायला दिलंय. सांभाळ म्हणजे मूल आपल्या घरात, पण त्याच्याबद्दलचा निर्णय कोर्टाच्या हातात. दत्तक मिळालं तरच ती आपली. आम्ही अर्ज केला, आणि आता तिच्या सख्ख्या मावशीनेही केलाय. नात्यातलं दत्तक असेल तर त्याचा विचार आधी होतो, असं कोर्टाच्या समाजसेविका ताई म्हणाल्या.

निकाल लागेपर्यंत ‘तू कायमची इथलीच’ असं तिला कुणी म्हणायचं नाही, असं ताईंनी बजावलंय. तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही लिहायला लागलात की कुठे वाहत जाल याचा नेम नसतो.

तुमचे जावई नमस्कार सांगतात. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तू मला एवढं मोठं पत्र लिहिलंस, तेही रेघ न सोडता! आमच्या वेळी शाळेत पावसाची कविता लागली की मी खिडकीबाहेर बघत बसे. मास्तर कान पिळत, पण पुढची ओळ मला यायचीच. ती सवय अजून गेली नाही.

तर ऐक. आपल्या घरात एक कविता आहे. घरातलं प्रत्येक माणूस त्यात पक्षी होऊन बसलंय:

सुगरण विणते खोपा छान,
होला गातो विसरून भान.
चिमणी चिवचिव करते फार,
बगळा बोलतो शब्द चार.

सुगरण म्हणजे माझी बायको. ती आता नाही, पण तिची ओळ आहे. होला मी. चिमणी आणि तिचा नवरा, बगळा, तू ओळखलेच असशील. नियम एकच: एकदा ओळ बसली की ती कधी खोडायची नाही, माणूस कुठेही जावो. आता पुढचं पाठ कर:

टिटवी निजते पाय वर करून,
आभाळ ठेवते अलगद धरून.

लोभ तर आहेच. पाठ झालं की कळव.

तुझा,
होला आजोबा

२४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काय करून बसलात हे? एक शब्द लिहू नका म्हटलं, तर तुम्ही अख्खी कविता धाडलीत!

रविवारी तिची मावशी भेटायला आली. समाजसेविका ताई खुर्चीवर वही घेऊन बसलेल्या. टिटवीने मावशीपुढे उभं राहून कविता खडखडीत म्हटली. वर सांगितलं की माझी ओळ बसली, ती खोडत नसतात, म्हणून तू मला नेऊ शकत नाहीस. मावशीचा चेहरा पडला. ताईंची लेखणी थांबेना. जाताना त्या एवढंच म्हणाल्या की सांभाळाच्या घरात असं वचन देत नसतात, आणि हे कोर्टापुढे मांडावं लागेल. तुमच्या एका यमकापायी माझं लेकरू हातातलं जायची पाळी आलीय, बाबा.

वकील म्हणतात, आता आपणच घट्ट व्हायचं. दत्तक मिळाल्यास जुनी नाती पूर्ण तोडून मिळावं, मावशीची भेट बंद, पत्ता बंद, असा अर्ज द्यायचा. मीही हो म्हटलंय. इतकी वर्षं कुठे होती ती? कोकिळेसारखं दुसऱ्याच्या घरट्यात पिल्लू वाढू द्यायचं, आणि ते गायला लागलं की न्यायला यायचं!

वीस मार्चला निकाल आहे. रागावले आहे, तरी नमस्कार करतेच.

चिमणी

२ मार्च

आदरणीय आजोबांना,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी टिटवीची मावशी. पत्ता तिनेच दिला. तुमच्या लेकीला सांगितलेलं नाही.

मी कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडते. आम्हा बायकांना राहायला एक खोली असते, तिथे मूल ठेवू देत नाहीत. बहीण गेली तेव्हा म्हणून मला तिला नेता आलं नाही. आता मी वेगळी खोली घेतलीय. पण त्या रविवारी तिच्या फ्रॉकची कड बघितली. दोनदा उसवून खाली सोडलेली, दोन्ही वेळा हातशिलाई. पोर वाढतेय हे कुणीतरी वेळेवर बघतंय, हे मला टाक्यांवरून कळलं. मला तिला तिथून उपटायचं नाही. पण अर्ज मागे घेतला तर तुमच्याकडचं दार बंद होईल, असं ऐकलंय. माझ्या बहिणीचा चेहरा या जगात आता त्या पोरीच्याच अंगावर उरलाय.

तुमच्या झाडावर नुसतं येऊन-जाऊन असणाऱ्याला जागा असते का, एवढंच विचारायचं होतं. चुकलं असेल तर लहान समजून पोटात घाला.

टिटवीची मावशी

७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे शब्द मुकाट गिळले. चूक माझी. समाजसेविका ताईंना मी तसं वेगळं कळवलंय, की ओळ म्हाताऱ्याने लिहिली, लेकीने नव्हे.

सोबत मावशीचं पत्र आहे. आधी ते वाच, मग हे.

मावशीला तू कोकिळा म्हणालीस. अगं, मग आपण कावळे झालो की! आणि मी काकांच्या मांडीवर दत्तक गेलेला, हे तुला ठाऊक आहे. नात्यातलंच दत्तक, भिंतीला भिंत लागून घर. पण त्या दिवसापासून आईला काकू म्हणायचं, असं मला बजावलं गेलं. तुझी काकूआजी ती माझी आई. संध्याकाळी ती पलीकडच्या अंगणात मला शिकवलेलीच कविता गुणगुणायची, आणि मी अलीकडे पुढची ओळ मनात म्हणायचो. मोठ्याने म्हटली असती तर काका दुखावले असते. शेवटच्या आजारात उशाशी बसलो, तेव्हाही तोंडातून ‘काकू’च आलं. तिने डोळे मिटून घेतले.

कुणी वाईट नव्हतं, बाळा. काकांनी मला जिवापाड जपलं. फक्त एका मुलाला एकच दोर पुरतो, असं सगळ्यांना वाटलं.

बंद दाराचं दत्तक असतं, तसं उघड्या दाराचंही असतं ना? वकिलांना विचार. मावशीचा अर्ज उभा राहिला तर टिटवी कदाचित जाईल, हे मला कळतं. तू दार उघडं ठेवलंस आणि तरीही तिने अर्ज मागे घेतला नाही, तर आपण हरू, हेही कळतं. तरी विचार.

या वेड्या होल्यावरची माया आटू देऊ नकोस.

बाबा

२१ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

कोर्टात जायच्या आदल्या दिवशी मी मावशीला घरी बोलावलं. वकील कपाळाला हात लावून बसले. हातात काही नसताना आपलंच पान उघडं करायचं, हे त्यांना पटेना. मी तिला सांगितलं की तू अर्ज मागे घे की नको घेऊस, आमचा बंद दाराचा अर्ज मी फाडलाय. तिने टिटवीच्या फ्रॉकची कड हातात घेऊन विचारलं, हे टाके कुणाचे. आमच्या बगळ्याचे, म्हटलं. तेव्हा कुठे हसली. ओबडधोबड आहेत, पण टिकतील, म्हणाली.

काल मावशी न्यायाधीशबाईंपुढे उभी राहिली. तिने अर्ज मागे घेतला, बाबा. टिटवी आपली झाली. मावशीचे रविवार आणि सुट्ट्या निकालातच लिहून घेतल्या आहेत. मावशी ही मावशीच राहील, आणि टिटवीच्या आईचं नाव कुठेही पुसलं जाणार नाही. तुमच्या कवितेबद्दल न्यायाधीशबाईंनी टिटवीला विचारलं. ती म्हणाली, त्यात मावशीची ओळ राहिलीय, आजोबा फार हळू लिहितात. मग घरी येऊन, पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपी पक्ष्यावरून, तिने स्वतःच रचली:

शिंपीण शिवते बसून दारी,
दोन घरट्यांना एकच दोरी.

मात्रा मोजत बसू नका. बसली ती बसली.

गुडघा घेऊन लवकर या. झाडावर तुमची वाट बघताहेत.

तुमची,
चिमणी

ता. क. आज दुपारी मावशी आणि मी शिवणाचा डबा घेऊन बसलो होतो. टिटवी आमच्या मध्ये आडवी झाली आणि कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन झोपायला लागली. मी विचारलं, आभाळाचं काय? डोळे न उघडताच म्हणाली, तुम्ही दोघी आहात ना, धरा थोडा वेळ.