किळस, भीती नव्हे

५ नोव्हेंबर १९६१, रविवार. अकोला.

शुक्रवारी कोर्टात पडलो. चक्कर वगैरे नव्हे. उलटतपासणी घेत उभा होतो, पायाखालची फरशी जरा सरकली आणि मी थेट साक्षीदाराच्या अंगावर गेलो. साक्षीदार विरुद्ध पक्षाचा, त्यामुळे लोकांना भलताच संशय आला. जज्जसाहेबांनी पाणी मागवलं. पट्टेवाल्याने आणलेल्या पेल्यावर कोणाच्या तरी ओठांचा तेलकट ठसा. प्यायलो नाही.

आज डॉक्टर घरी आले. नाडी, डोळे, जीभ पाहिली. म्हणाले, कावीळ बरी होऊन दोन वर्षं झाली, तेल-तूप महिनाभर बंद करा म्हटलं होतं, जन्मभर नव्हे. भाकरी, वरण, भाजी, तूप, सगळं खायला लागा, नाहीतर. त्या 'नाहीतर'च्या पुढचं त्यांनी माझ्या बायकोसमोर, तारेसमोर, बोलायला नको होतं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. जाता जाता डॉक्टर म्हणाले, वकीलसाहेब, तुम्हाला अन्नाची भीती बसली आहे.

डायग्नोसिस साफ चूक. भीती नव्हे, किळस. भीती भेकडाला वाटते. किळस सुसंस्कृत माणसाला. उकडलेला दुधी, मुगाचं पाणी आणि कोरडा फुलका यांवर मी हा देह स्वच्छ ठेवला. त्यात आता हे लोक तेलाची तर्री ओतणार.

तरीही निश्चय केला. खाणार. वकिलाला दुसरी बाजूही लढवता आली पाहिजे. दिवाळीपासून सुरुवात.

१२ नोव्हेंबर, रविवार.

दिवाळी संपली. चकली हातात घेतली होती. घेतली होती हे महत्त्वाचं. उजेडात धरून पाहिली तर तिच्या काट्याकाट्यावर तेल चमकत होतं, जणू घाम आलाय. शेजारचे पोस्टमास्तर समोर बसून शेव खात होते, मिशीत शेवेचा चुरा, बोलताना तो चुरा वरखाली व्हायचा. चकली परत ठेवली. अशा वातावरणात कोणी खाऊ शकेल का?

तारेने डबा उचलून आत नेला. मी आपणहून सांगितलं की तळणीपासून सुरुवात करणं हीच चूक होती, आधी सौम्य पदार्थ. ती म्हणाली, वरणभात सौम्यच आहे. वरणात हिंग असतो, हे तिच्या लक्षात येत नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार.

प्रगती. आज तूप वाढून घेतलं. ताटातच ठेवलं, बाजूला गोठू दिलं आणि पूर्ण जेवण होईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिलो. ओकारी आली नाही. पुढच्या खेपेला स्पर्श.

घरात एकच माणूस मला समजू शकतं. अनू. वय नऊ, पण पोरीची जाण बघा. आज तारेने तिला लोणी-पोळी दिली, तर म्हणाली, आई, हे बुळबुळीत आहे. मला हसू आलं. मुलीच्या जिभेला संस्कार आहेत. तारेने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लोणी चोरलं.

१० डिसेंबर, रविवार.

बार्शीटाकळीचा देवमन माळी माझा अशील. बांधाच्या भांडणात त्याला निकाल मिळवून दिला, म्हणून त्याने आज मळ्यात रोडग्यांचं जेवण ठेवलं. तारेला सकाळीच सांगितलं होतं: आज खाणार. मोकळ्या हवेत माणसाची किळस कमी होते, हे मी कुठेतरी वाचलं आहे. ती इतकी खूश झाली की अनूला नवी रिबीन बांधली.

मळा चांगला. वांग्यांच्या ओळी, कडेला तुरीची झाडं. पण रोडगे कशात भाजतात? शेणाच्या गोवऱ्यांत. कणकेचे गोळे सरळ निखाऱ्यात खुपसलेले. देवमन ते हातानेच काढी, फडक्यावर आपटून राख झाडी, अंगठ्याने फोडी, आणि मधल्या वाफेत तुपाची वाटी रिकामी करी. त्याच अंगठ्याने मग नाकाचा शेंडा खाजवला. वांग्याच्या भाजीवर बोटभर लाल तेल. त्यात एक चिलट. चिलट बहुतेक सुखाने मेलं.

सगळी पंगत माझ्यासाठी थांबलेली. देवमनची म्हातारी आई हातात तूप घेऊन उभी. म्हणाली, "खा नं बापा. पोटाले आधार पायजे."

मी घास उचलला. खरंच उचलला. ओठांपर्यंत नेला. घशाने आतून दार लावून घेतलं. मग मी म्हटलं, आज माझी एकादशी. देवमन म्हणाला, साहेब, एकादशी आज नाही. मी म्हटलं, आमच्यात वेगळी असते.

म्हातारी मग अनूकडे वळली. अनूने मान हलवली, नाकावर रुमाल धरला आणि स्पष्ट म्हणाली, "मला किळस येते."

शब्दशः माझंच वाक्य. मान्य करतो, अभिमान वाटला. तारा मात्र पंगतीत बसून दोघांच्या वाटचे रोडगे खात राहिली, डोळे खाली, घास मोठे. तिलाही आतून किळस येत असावी, डोळ्यांत पाणी होतं.

११ डिसेंबर, सोमवार.

कालच्या प्रयोगाचा निष्कर्ष: दोष माझा नव्हता, स्थळाचा होता. शेणात भाजलेल्या वस्तूवरून माणसाची परीक्षा करणं कायद्याने टिकणार नाही. नव्या वर्षापासून घरी, स्वच्छ ताटात, पद्धतशीर.

तारा कालपासून माझ्याशी बोलत नाही. अनूला मात्र जेवणापूर्वी गोष्ट सांगते, जेवताना गाणं म्हणते, नंतर रागावते. इतकी मेहनत कशाला? पोर सडपातळ आहे, माझ्यासारखी.

२ जानेवारी १९६२, मंगळवार.

घरात मुंग्या झाल्या आहेत. आज तारेने माजघरातली ट्रंक सरकवली, तर भिंतीकडे पोळीचे तुकडे. वाळलेले, बुरशी आलेले, काही पेढ्यासारखे वळलेले. शिसारी आली. मी पार्बताबाईला बोलावून झापलं, की भांडी घासणाऱ्या बाईने उष्टं असं लपवावं का. ती म्हणाली, "मले काहून बोलता? मी काहून लपवीन पोळी? मी त घरी नेली असती."

युक्तिवाद बिनतोड होता, पण मी तसं दाखवलं नाही.

तारा त्या तुकड्यांसमोर जमिनीवर बसून राहिली. मग तिने अनूच्या फ्रॉकचा खिसा उलटा केला. त्यातूनही भुगा पडला. अनू माझ्याकडे पाहत होती, आईकडे नाही.

मी म्हटलं, मुलं करतात असं. मी लहानपणी कारलं खिशात लपवायचो.

नव्या वर्षाचा संकल्प एक आठवडा पुढे. मुंग्या आटोक्यात येईपर्यंत स्वयंपाकघराचा भरवसा नाही.

९ जानेवारी, मंगळवार.

कोर्टात चिठ्ठी आली. अनू शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली. मी गेलो तेव्हा ती बाईंच्या खोलीत बाकावर निजलेली, पाय दोरीसारखे. कधी इतके बारीक झाले? मोज्यांमुळे दिसले नसतील. बाईंनी तिला साखरपाणी पाजलं होतं. पेला स्वच्छ होता का ते विचारायचं राहिलं.

डॉक्टर तेच. या वेळी माझ्याशी बोललेच नाहीत, सगळं तारेला सांगितलं. मी मध्ये म्हटलं की मुलीची पचनशक्ती नाजूक आहे, आनुवंशिक. डॉक्टरांनी बॅगचा खटका बंद केला आणि म्हणाले, हे आनुवंशिक नाही, हे शिकवलेलं आहे.

असभ्य माणूस. दुसरा डॉक्टर पाहायला हवा.

डॉक्टर गेल्यावर तारा म्हणाली, "मी तिला घेऊन अमरावतीला जाते. तुम्ही जेवायला लागलात की कळवा." आवाज चढवला नाही. ट्रंक तीच काढली, जिच्यामागे मुंग्या होत्या.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.

घर शांत. कोणाच्या चघळण्याचा आवाज नाही, फोडणीचा ठसका नाही. असं घर मला दोन वर्षं हवं होतं. आज दुधी उकडताना तळाला लागला. भांडं भिजत घातलं आहे.

पोस्टमास्तरांच्या सौभाग्यवतींनी तिळगूळ दिला. तीळ म्हणजे तेलच, फक्त पोशाख बदललेलं. टेबलावर ठेवला.

वास्तविक या आठवड्यात सुरुवात करणार होतो. पण पुढच्या महिन्यात अष्टग्रही आहे. आठ ग्रह एका राशीत. आमचे भटजी म्हणतात, प्रलयसुद्धा होईल. बाररूममध्ये दोन वकिलांनी तर कामं तहकूब केली आहेत. अशा काळात आहार बदलणं शहाणपणाचं नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण पोटाचा असू शकतो.

२८ जानेवारी, रविवार. अमरावती.

अष्टग्रहीची वाट न पाहता आलो. केशवराव, म्हणजे तारेचे थोरले भाऊ, इथे शाळेत मास्तर आहेत, त्यांच्याकडेच मायलेकी राहतात. बडनेऱ्याला गाडी बदलताना सगळी योजना डोक्यात पक्की केली. जेवणाच्या वेळी पोचायचं. अनूशेजारी बसायचं. तिला म्हणायचं, हे बघ, बाबा खातात. पहिला घास भाकरीचा, दुसरा भाजीचा, तिसरा तुपाचा. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर. पोरीला मीच यातून बाहेर काढू शकतो, कारण माझ्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाही.

दार उघडंच होतं. आतून मुलांचा गलका. मागच्या पडवीत पंगत बसलेली, केशवरावांची मुलं आणि मध्ये अनू. मी खांबाशी थांबलो. ती भरीत-भाकरी खात होती. नुसती खात नव्हती, ओरपत होती. मनगटापर्यंत तेल. हनुवटीला कोथिंबीर. मामेभावाने काहीतरी म्हटलं तर घास तोंडात असताना हसली आणि भरताचा कण समोर उडाला. मला मळमळलं. आणि तिचे गाल, गालांना रंग होता.

मग तिने मला पाहिलं.

हसू गेलं. तिने हात ताटातून काढला आणि फ्रॉकच्या मागे लपवला. दुसऱ्या हाताने तोंड पुसलं, घाईघाईने, चोरी पकडल्यासारखं.

केशवरावांनी पाट मांडला. मी अनूशेजारी बसलो. ठरलेलं वाक्य म्हटलं: हे बघ, बाबा खातात. आवाज कोर्टातला लागला. भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला, तोंडात घातला. चावलं. तेल दातांच्या मागे गेलं. चावत राहिलो. वहिनींच्या हातातली पळी तशीच. तो घास वाढत गेला, तोंडात मावेना. मी मान हलवून अनूला खूण केली, की छान आहे. मग उठून मोरीवर गेलो.

तोंड धुऊन परत आलो तर अनूने ताट पुढे ढकललं होतं. अर्धी भाकरी तशीच. म्हणाली, पोट भरलं.

तारा माझ्यामागून ओसरीवर आली. म्हणाली, "ती जेवते इथे. तुम्ही नसता तेव्हा."

मी चपला घातल्या. संध्याकाळची गाडी होती.

३० जानेवारी, मंगळवार. अकोला.

तारेचं म्हणणं तर्कदुष्ट आहे. मूल बापामुळे उपाशी राहतं हे कोणत्याही पुराव्याने सिद्ध होत नाही. एकाच प्रसंगावरून.

दोन प्रसंग. मळ्यातला धरला तर.

ट्रंक धरली तर

आज दुधी आणला नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

अष्टग्रही आली आणि गेली. प्रलय झाला नाही. भटजी म्हणतात, होमहवनामुळे टळला.

दुपारी कोर्ट सुटलं तेव्हा पोटात काहीतरी कुरतडत होतं. आधी वाटलं आमांश. मग ओळख पटली. भूक. इतक्या वर्षांनी भेटली की चेहराच विसरलो होतो. कोर्टामागे नत्थुजीची खानावळ आहे. भिंतीवर टेकून बसणाऱ्यांच्या डोक्यांचे तेलकट गोल डाग, खाली सांडलेलं वरण, बाकावर माशा. किळस येण्यासारखं सगळं होतं. मी वाट पाहिली. शब्द आठवला, पण नुसता शब्दच आला. हात थरथरत होते, आणि ते किळसेने थरथरत नाहीत, एवढं मला कळतं.

नत्थुजीने विचारलं, "किती पोळ्या लागतात तुमाले?"

मला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांचा माणूस. मागे लोक खोळंबले. तीन म्हणालो.

भीत भीत खाल्ल्या. असंच लिहितो. प्रत्येक घासाला वाटलं, आता काहीतरी होईल. दोन गेल्या. वरण खारट होतं, भाजी त्याहून. काही झालं नाही. तिसरी गेली नाही. नत्थुजीने ती उचलली, माझ्या बोटांचे ठसे पाहिले, तोंड वाकडं केलं आणि खिडकीतून गायीपुढे टाकली.

तारेला कळवावं वाटलं. दोन पोळ्या खाल्ल्या. वकिलाने बायकोला कार्ड टाकून कळवावी अशी ही बातमी नव्हे. तरी पोस्टात गेलो. खिडकी बंद झाली होती.